शेपटी दाखवा नि पैसे घ्या

दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबारच्या सारंगखेड्याला घोडेबाजार भरतो, पार पंजाब-यूपीपासून ट्रकने घोडे येतात, आणि एवढ्या लांबून आणताना जनावराचे हाल होतात हा विषय निघतोच. पण हे काही आजचं नाहीये.

दख्खनला चांगला घोडा कायम बाहेरून लागायचा, बहामनी काय नि विजयनगर काय, माल इराणच्या आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझ बंदरातून बोटीने यायचा आणि १५१० मधे गोवा घेतल्यावर पोर्तुगीजांनी हा धंदा मुठीत धरला. फेर्नांव नुनिश हा पोर्तुगीज, स्वतः घोड्यांचा व्यापारी, विजयनगरात राहिलेला, तो लिहून गेलाय की विजयनगरचा साळुव नरसिंह राजा हजार पर्दावांना (त्या काळचं सोन्याचं नाणं) तीन घोडे या भावाने मेलेले-जिवंत सगळे घ्यायचा, समुद्रात मेला तर नुसती शेपटी आणून दाखवायची, पैसे पूर्ण! राजाला पुरवठा आटू द्यायचा नसेल, कबूल, पण मग व्यापारी घोडा जगवायला धडपडेल कशाला?

युरोपात उलटं झालं, तिथे घोडा स्वस्त झाला म्हणून हाल. १९११ मधे अॅडा कोल या बाईंनी बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात ब्रिटनहून आलेले थकलेले, लंगडे घोडे कत्तलीसाठी हाकत नेताना बघितले आणि १९२७ मधे त्याविरुद्ध संस्थाच काढली. १९३७ च्या ब्रिटिश कायद्याने निर्यातीच्या घोड्याला किमान किंमत ठरवली, म्हणजे मटणाच्या भावातला घोडा बाहेर पाठवणं परवडेना. भारी डोकं लावलंय राव. आता युरोपियन युनियनचा २००५ चा नियम आहे, कत्तलीला जाणाऱ्या पूर्ण वाढलेल्या घोड्याला जास्तीत जास्त २४ तास प्रवास, दर ८ तासांनी पाणी.

खरी गोम मात्र दोरीत आहे. घोडा मान खाली घालून नाकातला शेंबूड, धूळ बाहेर काढतो, तासन्‌तास डोकं वर बांधून ठेवलं की ती घाण फुफ्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो, यालाच शिपिंग फीवर म्हणतात. म्हणजे पाणी पाजलं, चारा टाकला तरी दोरी आखूड असेल तर घोडा आजारी पडू शकतो.

आपल्याकडे १९७८ चे वाहतूक नियम आहेत, गाडीत चार ते सहाच घोडे, सोबत एक माणूस, बुजू नयेत म्हणून तोंडं डावीकडे, आणि स्पीड ताशी ३५ च्या आत. पंजाबातून सारंगखेडा हजार-दीड हजार किलोमीटर धरा, न थांबता गेलं तरी ३०-४० तास, आता हायवेला ३५ ने जाणारा घोड्यांचा ट्रक कुणी बघितला असेल तर सांगा.