रिकाम्या तळमजल्याचा भूकंपाशी संबंध

सांगलीत हल्ली नवी इमारत उभी राहते ती बहुतेकदा खांबांवर. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी पाहिले, त्यांना तळमजल्यावर राहायचं नाही. खाली पार्किंग, वर घरं. कृष्णेचं पाणी आलंच तर खालून येईल आणि खालूनच जाईल. हा विचार शहाणपणाचाच आहे. पण शंभरएक किलोमीटरवर कोयनानगर आहे, आणि भूकंपाच्या वेळी घात होतो तो नेमका या रिकाम्या मजल्याचा.

काठोकाठ भरलेली बादली घेऊन चालताना पाणी हिंदकळतं, त्याची स्वतःची एक लय असते. पावलं त्या लयीत पडली की पाणी पायावर सांडतं. चाल जरा बदलली की शांत होतं. इमारतीचंही तसंच. एकदा इकडे, एकदा तिकडे झुकून पुन्हा जागेवर यायला तिला ठरावीक वेळ लागतो. त्याला आवर्तनकाल म्हणतात. भूकंपासाठीचं आपलं मानक, आयएस १८९३, त्याचं सोपं सूत्र देतं. नुसत्या कॉलम-बीमच्या आरसीसी सांगाड्यासाठी १० मीटर उंचीला हा काळ साधारण ०.४ सेकंद येतो, ३० मीटरला जवळजवळ १ सेकंद.

जमिनीलाही लय असते. १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको सिटी हादरली, तेव्हा भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून दूर होतं. पण शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेला, आणि तो गाळ दोन सेकंदांच्या आसपासच्या लयीत डोलला. सगळ्यात जास्त नुकसान झालं ते त्या लयीच्या जवळ येणाऱ्या ६ ते १५ मजली इमारतींचं. बुटकी घरं त्या मानाने वाचली. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीवर माती परीक्षण करायचं ते केवळ पाया किती खोल घ्यायचा एवढ्यासाठी नव्हे.

उंच इमारत एकाच तऱ्हेने हलत नाही. कधी वाऱ्यावरच्या उसासारखी सगळीच एका अंगाला कलते, तर कधी मधले मजले एकीकडे आणि माथा दुसरीकडे. संगणकात प्रत्येक मजल्याचं वजन स्लॅबच्या पातळीवर धरतात, कॉलमना स्प्रिंगसारखं वागवतात, आणि हलण्याच्या अशा एकेका तऱ्हेचा हिशेब करून मग तो एकत्र करतात. इमारतीचं किमान ९० टक्के वजन हिशेबात येईल इतक्या तऱ्हा घ्याव्या लागतात. सरळ चौकोनी इमारतीत हे सोपं जातं. इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची, किंवा लिफ्टचा जाड भिंतींचा डक्ट एका कोपऱ्यात असलेली इमारत मात्र कलता कलता पिळवटतेही. तो डक्ट दाराच्या बिजागरीसारखा होतो आणि इमारत त्याच्याभोवती फळीसारखी फिरू पाहते. सगळ्यात जास्त सरकतात ते पलीकडच्या टोकाचे कॉलम. आराखडा पाहताना मी आधी हा डक्ट कुठे आहे ते शोधतो.

आता पार्किंग. समजा धक्क्याने पाच मजल्यांची इमारत वरच्या टोकाला ५ सेंटिमीटर सरकली. सगळे मजले सारखे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण एकेक सेंटिमीटर येतो. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती आहेत, खाली नुसते कॉलम. मग वरचा भाग पेटीसारखा एकसंध राहतो आणि जवळजवळ सगळं सरकणं खालच्या कॉलमांवर पडतं. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत अशा कितीतरी इमारती खालचा मजला चिरडून खाली बसल्या.

आकार जिथे एकदम बदलतो तिथेच ताण गोळा होतो, याचा मोठा पुरावा आपल्याच सातारा जिल्ह्यात आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात सुमारे १८० माणसं गेली. १०३ मीटर उंचीचं कोयना धरण टिकलं, पण त्याला भेगा गेल्या. त्या पायाशी गेल्या नाहीत, जवळपास दोन तृतीयांश उंचीवर गेल्या. खालून चढत आलेला पाठीचा उतार तिथे संपतो आणि धरणाची पाठ एकदम उभी होते. धरणातच बसवलेल्या यंत्राने धक्क्याची नोंद केली होती. ती वापरून अनिल चोप्रा आणि चक्रबर्ती या संशोधकांनी १९७३ साली गणित मांडलं, तेव्हा जास्तीत जास्त ताण त्या वळणापाशीच निघाला. धरणाला पुढे काँक्रीटचे भक्कम आधार दिले गेले. त्या पहाटेची ती नोंद आजही जगभरचे अभियंते आपली गणितं तपासायला वापरतात. हे वाचताना मला दर वेळी त्या पहाटे माणसं गमावलेल्या गावांची आठवण होते.

मग पूर की भूकंप, यातलं एकच निवडायचं का? नाही. पार्किंगमध्ये मोजक्या ठिकाणी, पायापासून माथ्यापर्यंत अखंड जाणाऱ्या आरसीसी भिंती घालता येतात. त्या दोन्ही दिशांना हव्यात आणि इमारतीच्या मध्याभोवती समतोल, नाहीतर पुन्हा पिळवटणं आलंच. बाकी जागा मोकळीच राहते, पाणी ये-जा करू शकतं. जुन्या इमारतीत कॉलमभोवती जादा स्टील आणि काँक्रीटचं आवरण चढवता येतं. एका इमारतमालकाने मला विचारलं होतं, "साहेब, भिंत घातली तर दोन गाड्या कमी बसतील, त्याचं काय?" आम्ही नकाशा पसरला आणि एक भिंत जिन्याच्या कडेला सरकवली, तिच्या जोडीची समोरच्या बाजूला घेतली. एकाच गाडीची जागा गेली.