छोट्या दमदार गाड्या : आपल्या बाजारात न विकल्या जाणाऱ्या

साध्या, खिशाला परवडणाऱ्या छोट्या गाडीच्या सांगाड्यावर जोरकस इंजिन, कडक सस्पेन्शन आणि मोठे ब्रेक बसवून कारखान्यातूनच बाहेर पडणाऱ्या गाड्यांना छोट्या दमदार गाड्या म्हणता येईल. युरोपात यांतल्या बहुतेकांना हॉट हॅच म्हणतात. जपानमधल्या ६६० सीसीच्या चिमुकल्या स्पोर्ट्स गाड्याही याच घराण्यातल्या. अशा अनेक गाड्या एखाद्याच देशात किंवा खंडात विकल्या जातात, आणि जिथे त्या मिळत नाहीत तिथले चाहते अनेकदा जास्त हट्टी निघतात. न मिळणाऱ्या गाडीची बारीकसारीक माहिती काढणे, तिच्या आवृत्त्यांतले फरक पाठ असणे आणि कायद्याने मुभा मिळाली की ती आयात करून सांभाळणे, हा मोटारींच्या शौकातला एक वेगळा आणि चांगलाच मुरलेला प्रकार आहे.

कंपन्या चांगला माल मुद्दाम आपल्यापासून दूर ठेवतात, ही तक्रार या शौकात सतत ऐकू येते. तिच्यात फारसे तथ्य नाही. महागड्या स्पोर्ट्स गाडीच्या किमतीत प्रत्येक देशातल्या चाचण्यांचा आणि परवानग्यांचा खर्च सहज मुरतो. छोट्या गाडीत तेवढी फट नसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे छोटी गाडी कोणत्यातरी एका ठिकाणच्या करपद्धतीतून, रस्त्यांच्या रुंदीतून आणि शर्यतींच्या नियमांतून घडलेली असते. सीमा ओलांडली की ते नियम संपतात आणि तिचे असणेच न परवडणारे होते. तिच्यातल्या ज्या विचित्र गोष्टींवर चाहते फिदा असतात, त्यांचा उगमही बहुधा त्याच नियमांत सापडतो.

नियमपुस्तकातून आलेल्या गाड्या

जपानमधला केई वर्ग हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर आणि इंजिन ६६० सीसी या मर्यादेत बसणाऱ्या गाडीला तिथे करात सवलत मिळते. १९८७ मध्ये सुझुकीने अल्टो वर्क्स आणली तेव्हा मर्यादा ५५० सीसीची होती, तरी टर्बोच्या (बाहेर पडणाऱ्या धुराने फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) जोरावर तिने ६४ अश्वशक्ती गाठली. पुढे हाच आकडा सगळ्या उत्पादकांनी आपसात ठरवलेली कमाल मर्यादा बनला. १९९० मध्ये इंजिन ६६० सीसीपर्यंत वाढवण्याची मुभा मिळाली, पण ६४ चा आकडा तसाच राहिला. ताकद वाढवता येत नाही म्हटल्यावर अभियंत्यांनी आपली सगळी हौस बाकीच्या गोष्टींवर भागवली.

१९९१-९२ मध्ये आलेल्या तीन गाड्यांत ही हौस दिसते. होंडा बीटमध्ये इंजिन सीटच्या मागे आहे आणि टर्बो मुळीच नाही. तिची ६४ अश्वशक्ती मिनिटाला ८,१०० फेऱ्यांवर मिळते, म्हणजे गाडीतून काम काढून घ्यायचे तर इंजिन सतत ओरडते ठेवावे लागते. सुझुकी कॅपुचिनोत इंजिन पुढे आणि चालना मागच्या चाकांना. तिच्या छताचे तुकडे सुटे काढून डिकीत ठेवता येतात, मग डिकीत दुसरे फारसे काही मावत नाही. ऑटोझॅम एझेड-१ ची दारे पंखांसारखी वर उघडतात. तिघींचेही वजन सातशे-साडेसातशे किलोंच्या आसपास. केईची करसवलत जिथे नाही तिथे या गाड्या म्हणजे साध्या हॅचबॅकच्या भावात दोनच माणसांची सोय, आणि म्हणूनच त्या जवळजवळ जपानपुरत्या राहिल्या. अपवाद कॅपुचिनोचा. १९९३ ते १९९५ या काळात ती ब्रिटनमध्ये अधिकृतपणे विकली गेली.

शर्यतीच्या नियमांनी तर याहून चमत्कारिक यंत्रे जन्माला घातली. निसान मार्च सुपर टर्बो १९८९ ची. तिच्या ९३० सीसीच्या इंजिनाला सुपरचार्जर (थेट इंजिनाच्या फिरण्यावर चालणारा हवा कोंबणारा पंप) आणि टर्बो दोन्ही जोडलेले होते : कमी फेऱ्यांना पहिला ओढतो, वरच्या फेऱ्यांना दुसरा. ताकद ११० अश्वशक्ती. आता ९३० हा आकडा कुठून आला? साध्या मार्चचे इंजिन ९८७ सीसीचे होते. रॅलीत टर्बो गाडीचे सीसी १.७ ने गुणून तिचा वर्ग ठरत असे. ९८७ ला गुणले तर १,६०० च्या वर जाते. ९३० चे १,५८१ होतात आणि गाडी १,६०० च्या आतल्या वर्गात बसते. दायहात्सूने हाच हिशेब आधी, १९८४ मध्ये केला होता. तेव्हा गुणक १.४ होता, म्हणून शराड टर्बोच्या ९९३ सीसीच्या इंजिनाची ९२६ सीसीची खास आवृत्ती काढली, म्हणजे गुणाकार १,३०० च्या आत. ग्रुप बी या रॅली-वर्गाच्या अटीनुसार अशा २०० गाड्या बनल्या. सिलिंडरमधले हे वजा केलेले साठ-सत्तर सीसी पाहून ज्याला गाडी कळते त्याला आनंद होतो. विक्री विभागाला मात्र ते कोणत्याही देशात समजावून सांगणे कठीणच.

युरोपातही मोटारस्पोर्टचा हात असतोच. फोल्क्सवॅगनने पहिली गोल्फ जीटीआय १९७५ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात दाखवली. १.६ लिटर, ११० अश्वशक्ती, वजन ८०० किलोंच्या जरासे वर. शर्यतीत उतरायची मान्यता मिळण्यापुरत्या ५,००० गाड्या काढायच्या, एवढाच बेत होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या. लान्सिया डेल्टा तर १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षे जागतिक रॅली स्पर्धेत उत्पादकांचे विजेतेपद घेत राहिली. या विजयांमुळेच तिच्या इंटेग्राले आवृत्तीला रस्त्यावर एवढी मागणी आली, आणि त्याच काळात अमेरिकेत ती विकतच मिळत नव्हती.

अमेरिकेची भिंत

न मिळणाऱ्या गाड्यांवरचे सर्वांत जास्त हळहळणे अमेरिकेत चालते, आणि त्याला कारणही आहे. जगातला बराच भाग संयुक्त राष्ट्रांच्या १९५८ च्या करारातून आलेली वाहन-मानके मानतो. एका देशाने दिलेली मान्यता दुसरा देश स्वीकारतो. अमेरिका या करारात नाही. तिथे स्वतंत्र संघीय मानके आहेत आणि गाडी ती पाळते याची हमी उत्पादकाने स्वतः द्यायची असते. म्हणजे दिवे, बंपर, धडकेच्या चाचण्या, धूर असे सगळे पुन्हा नव्याने करावे लागते. वर्षाला दोन-चार हजार खपणाऱ्या गाडीसाठी हा खर्च कोणी करत नाही.

ऐंशीच्या दशकात युरोपातून खासगी आयात करून गाड्यांत जुजबी फेरफार करून विकण्याचा धंदा अमेरिकेत जोरात होता. अधिकृत वितरकांना तो खुपला, आणि १९८८ च्या कायद्याने त्याची जवळजवळ नाकेबंदी झाली. आज चाहते ज्याला पंचवीस वर्षांचा नियम म्हणतात तो यातूनच आला : उत्पादनाला २५ वर्षे झाली की गाडी सुरक्षा-मानकांतून सुटते. शेजारच्या कॅनडात हीच मुदत १५ वर्षे आहे. त्यामुळे सीमेच्या एका बाजूला रोज वापरात असलेली गाडी दुसऱ्या बाजूला आणखी दहा वर्षे बेकायदा राहते. केई गाड्यांच्या बाबतीत पंचवीस वर्षे भरूनही काम संपत नाही. काही राज्यांनी त्यांची रस्त्यासाठी नोंदणी नाकारल्याची प्रकरणे झाली आहेत.

फ्रेंच गाड्यांचे दुखणे वेगळे. रेनोने १९८७ मध्ये अमेरिकन मोटर्समधला आपला वाटा विकून ती बाजारपेठ सोडली, पेजो १९९१ मध्ये निघून गेली. दुकानच नाही तर माल कुठून येणार? पेजो २०५ जीटीआय आणि त्यानंतरच्या रेनो क्लिओ विल्यम्स, मेगान आर२६.आर अशा एकाहून एक गाड्या तिथे केवळ मासिकांतून पोहोचल्या. होंडाची सिव्हिक टाइप आर १९९७ मध्ये जपानमध्ये सुरू झाली, पण त्या नावाची सिव्हिक अमेरिकेत अधिकृतपणे विकायला २०१७ उजाडले.

हळहळ एकतर्फी नाही

उलट दिशेनेही असेच चालते, याकडे अमेरिकी चाहत्यांचे लक्ष कमी असते. टोयोटाने २०२० मध्ये जीआर यारिस आणली : तीन सिलिंडरचे १.६ लिटरचे टर्बो इंजिन, चारही चाकांना चालना, हाताचा गिअर. अमेरिकेत ती आली नाही. तिथे तेच इंजिन जीआर कोरोलात घालून ३०० अश्वशक्तीने दिले. ती जीआर कोरोला युरोपला मिळाली नाही. दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या गाडीकडे पाहून उसासे टाकतात, आणि जपानमध्ये दोन्ही मिळतात. होंडाने २००७ च्या सुमारास याहून मजेशीर गोष्ट केली. जपानला टाइप आर सेडान दिली, युरोपला तीन दारांची हॅचबॅक. दोन्हींवर एकच बोधचिन्ह, पण युरोपच्या गाडीची ताकद कमी आणि मागचे सस्पेन्शनही साधे. तरीही जपानी चाहत्यांनी युरोपच्या हॅचबॅकचा एवढा हेका धरला की २००९ मध्ये होंडाने ती मर्यादित संख्येत जपानमध्ये आणली. कागदावर पाहिले तर त्यांच्या घरात आधीच अधिक चांगली गाडी होती.

या नोंदीतला सर्वांत मोठा दाखला हाच असावा. न मिळण्याने गाडीची किंमत नजरेत वाढते. गाडी त्यामुळे सरस ठरत नाही.

युरोपात अलीकडे या गाड्यांचा तुटवडा वाढतो आहे. उत्पादकाच्या सगळ्या गाड्यांची मिळून कार्बन उत्सर्जनाची सरासरी मोजली जाते आणि मर्यादा ओलांडली तर प्रत्येक ग्रॅममागे, प्रत्येक गाडीमागे ९५ युरो दंड बसतो. फ्रान्समध्ये ग्राहकालाही नवी गाडी नोंदवताना उत्सर्जनावर वेगळा कर भरावा लागतो. २०२४ मध्ये त्याची कमाल मर्यादा ६०,००० युरो झाली, म्हणजे कर गाडीच्या किमतीच्याही वर जाऊ शकतो. फोर्ड फिएस्टाचे उत्पादन २०२३ मध्ये थांबले आणि तिची एसटी ही दमदार आवृत्तीही तिच्याबरोबर गेली. एकेकाळी हॉट हॅचचे माहेर असलेला हा खंड आता स्वतःच इतर बाजारांकडे पाहू लागला आहे.

कदर नेमकी कशाची

आकड्यांवरून या गाड्या समजत नाहीत. आजची साधी विजेवर चालणारी कौटुंबिक गाडीही सरळ रस्त्यावर २०५ जीटीआयला सहज मागे टाकते. पण २०५ चे वजन ९०० किलोंच्या आतबाहेर, टायर अरुंद आणि स्टिअरिंगला पॉवरची मदत बहुतेक गाड्यांत नाही. वळणात शिरून चालकाने अॅक्सिलरेटरवरून पाय अचानक उचलला की वजन पुढे सरकते, मागची चाके हलकी होतात आणि गाडीचा मागचा भाग बाहेर सरकू लागतो. जाणकार चालक याचाच उपयोग करून गाडी वळवतो. नवखा घाबरून ब्रेक दाबतो आणि गाडी उलटी फिरते. हा स्वभाव दोष की गुण यावर चाहत्यांत वर्षानुवर्षे वाद चालू आहे. ओल्या रस्त्यावर तो दोषच आहे. कोरड्या वळणावर, बेताच्या वेगात गाडी काय करते आहे हे हातापायांना इतके स्पष्ट कळणे मात्र जड, ताकदवान गाडीत सहसा अनुभवाला येत नाही.

१९९७ च्या सिव्हिक टाइप आर मध्ये हीच गोष्ट इंजिनात आहे. १,५९५ सीसीतून टर्बोशिवाय १८५ अश्वशक्ती, तीही ८,२०० फेऱ्यांवर. सुमारे सहा हजार फेऱ्यांपर्यंत ती शांत सिव्हिक असते. त्यापुढे व्हॉल्व्ह उघडणारे दुसरे कॅम काम हाती घेतात, आवाज बदलतो आणि ओढ वाढते. मेगान आर२६.आर मध्ये रेनोने मागची सीट काढली, मागच्या काचांच्या जागी पॉलिकार्बोनेट बसवले आणि असे करत गाडीचे वजन शंभराहून अधिक किलोंनी उतरवले. जगभरासाठी मिळून ४५० बनल्या. कौटुंबिक हॅचबॅक घ्यायला आलेल्या माणसाने ती का घ्यावी, याचे उत्तर रेनोकडेही नसावे.

आयात : कागद, गंज आणि तारखा

जपानमधून येणाऱ्या गाड्यांची खरेदी बहुधा तिथल्या लिलावांतून होते आणि खरेदीदाराच्या हाती आधी येतो तो लिलावाचा तपासणी-कागद. त्यावर गाडीची आकृती असते आणि तपासनिसाच्या खुणा : ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्तीनंतर उरलेली लहर, एस म्हणजे गंज. अक्षरापुढचा आकडा जितका मोठा तितकी जखम मोठी. एकूण श्रेणीच्या जागी आर असेल तर गाडीचा सांगाडा कधीतरी अपघातानंतर दुरुस्त झालेला आहे. अनुभवी माणूस चकचकीत फोटोंच्या आधी हा कागद पाहतो, आणि त्यात डब्ल्यू कुठे आहे ते शोधतो.

गाडी आल्यावरची कामेही ठरलेली. जपानमध्ये वाहतूक डावीकडून, त्यामुळे उजवीकडून चालणाऱ्या देशांत दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. दिवे बदलावे लागतात. जपानी गाड्यांना १८० किलोमीटरवर, केई गाड्यांना १४० वर वेग रोखणारी व्यवस्था असते. खरी अडचण सुट्या भागांची. इंजिनाचे भाग बहुधा दुसऱ्या कुठल्यातरी मॉडेलशी जुळतात. दाराचे रबर, आसनाचे कापड, मागच्या दिव्याची काच त्याच गाडीची लागते. होंडाने २०१७ मध्ये बीटचे काही बंद पडलेले भाग पुन्हा बनवायला घेतले, तेव्हा गाडीचे उत्पादन थांबून दोन दशके झाली होती.

अमेरिकेत २५ वर्षे मोजतात ती उत्पादनाच्या महिन्यापासून, मॉडेलच्या वर्षापासून नव्हे. जपानी बाजारातल्या गाडीच्या पाटीवर ही तारीख बहुधा छापलेली नसते, म्हणून ती चेसिस क्रमांकावरून काढावी लागते. वर्ष तेच असले तरी महिना भरला नसेल तर गाडी आयातीला अजून पात्र नसते. या हिशेबाने पहिल्या सिव्हिक टाइप आर गाड्यांची मुदत २०२२ मध्ये भरली. २०२० मध्ये बनलेल्या जीआर यारिसची २०४५ मध्ये भरेल.