पावसात जुनी स्पोर्ट्स कार रोज पाच मिनिटं चालू करायची नसते

चवथीपर्यंत गाडी शेडमध्येच राहणार, मग रोज सकाळी पाच मिनिटं स्टार्ट करून ठेव, हा सल्ला गोव्यात जुनी गाडी असणाऱ्या प्रत्येकाला कोणी ना कोणी देतोच. आपुलकीने देतात पण तो चुकीचा आहे आणि गाडीचं त्यात नुकसानच होतं.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. इंजिन नीट तापलं तर ती वाफ बाहेर पडते, पण पाच मिनिटांत कुठलं तापतंय, मग तेच पाणी सायलेन्सरमध्ये साचून आतून गंज धरतो आणि थोडं ऑइलमध्येही उतरतं. ऑइलचं झाकण काढून आतून बोट फिरवून बघा, लोण्यासारखा पिवळसर थर लागला तर समजा हेच झालंय.

बॅटरीचंही तसंच. 1967 पर्यंतच्या एमजीबीला, म्हणजे त्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला, बॅटरी चार्ज करायला डायनॅमो होता, तो आयडलवर, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं चालू असताना, जवळपास चार्ज करतच नाही, डॅशवरचा लाल दिवा पेटलेलाच राहतो. म्हणजे स्टार्टरने खाल्लेला करंट परत मिळतच नाही.

त्यापेक्षा उघडीप मिळाली की म्हापशाहून डिचोलीपर्यंत चक्कर मारून या, निदान अर्धा तास तरी चालवा. ते जमत नसेल तर सरळ बंदच ठेवा: बॅटरीची वायर काढा, हँडब्रेक सोडून चाकांना लाकडी ठोकळे लावा, आणि ते प्लास्टिकचं कव्हर प्लीज नको, ओल आतच कोंडते, सुती घाला.