अमॅरिलिस की हिपिअ‍ॅस्ट्रम? लिलीच्या कांद्यामागचा जुना घोळ

होळीच्या आगेमागे कुंडीत कर्ण्यासारखी लाल-केशरी फुले देणारी आणि रोपवाटिकेत ‘अमॅरिलिस’ म्हणून विकली जाणारी लिली मुळात अमॅरिलिस नव्हे. ती दक्षिण अमेरिकेची हिपिअ‍ॅस्ट्रम. खरी अमॅरिलिस दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातली.

हिपिअ‍ॅस्ट्रमचा पहिला ज्ञात संकर 1799 सालचा, इंग्लंडमधल्या एका घड्याळजीने केलेला: लाल पाकळी, मध्ये पांढरा पट्टा. मोठ्या फुलांचे वाण पुढे हॉलंडमध्ये फोफावले. नावाची कथा मात्र याहून गुंतागुंतीची आहे.

1753 मध्ये ‘अमॅरिलिस बेलाडोना’ हे नाव छापले गेले, पण ते नेमके कोणत्या झाडाचे, हे वर्णनावरून निःसंशय ठरेना. 1821 मध्ये अमेरिकी झाडे वेगळी काढून त्यांना हिपिअ‍ॅस्ट्रम नाव मिळाले. शतकभर हे चालून गेले. 1938 मध्ये दावा झाला, की 1753 चे नाव अमेरिकी झाडाचेच होते. म्हणजे हिपिअ‍ॅस्ट्रम बाद आणि आफ्रिकी झाडाला नवे नाव शोधा! जवळपास पन्नास वर्षे दोन्ही बाजूंनी कागद काळे झाले. अखेर 1987 मध्ये बर्लिनच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत अमॅरिलिस हे नाव आफ्रिकेकडेच राहिले. निर्णय योग्यच, पण तोवर बाजार जुन्या नावाला सरावला होता. कांद्यांच्या खोक्यांवर आजही अमॅरिलिसच छापतात.

याचा फटका बागेत बसतो. आफ्रिकी झाड उन्हाळ्यात पाने टाकून झोपते आणि उन्हाळा सरताना बिनपानांच्या भरीव दांड्यावर फुलते. त्याच्यासाठी लिहिलेला ‘उन्हाळ्यात कोरडे ठेवा’ हा सल्ला वाचून लोक एप्रिलमध्ये हिपिअ‍ॅस्ट्रमचे पाणी तोडतात. तिचा दांडा पोकळ असतो आणि फुलांनंतरचे महिने हेच तिचे कमावण्याचे दिवस. कांद्याच्या आत साधारण चार पानांमागे एक कळी धरते, तीही फुलण्याच्या सुमारे वर्षभर आधी. त्यामुळे उन्हाळ्यात पाने वाळली, की पुढच्या वसंतात नुसतीच पाने येतात.

म्हणून फुले सुकल्यावर फक्त दांडा कापावा, पाने ठेवावीत. सप्टेंबरपर्यंत पंधरा दिवसांनी पातळ खत द्यावे, त्यात नत्र कमी आणि पालाश जास्त. नोव्हेंबरपासून आठ-दहा आठवडे पाणी बंद, मग कोंब दिसला की थोडे थोडे सुरू. ट्युलिपसारखी कडक थंडी हिला लागत नाही. लावताना कांद्याचा वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर हवा. मान गाडली तर पावसाळ्यात कुजते. कुंडी कांद्यापेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन सेंटीमीटरच मोठी, कारण जास्तीची माती ओल धरून बसते.

पावसाळ्यात काळ्या, ठिपकेदार अळ्या घोळक्याने येऊन पाने बुडापर्यंत फस्त करतात. त्या संध्याकाळी हाताने वेचाव्यात. पाना-दांड्यांवर लाल चट्टे दिसले तर तो बुरशीचा रोग. वरून पाणी मारणे थांबवावे आणि चट्टे पडलेली पाने कापून टाकावीत.