गर्द: एका भुकटीची चाळीस वर्षे

‘गर्द’ म्हणजे फारसीत धूळ, भुकटी. मराठीत हा शब्द ब्राउन शुगरसाठी, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या अशुद्ध हेरॉइनसाठी, १९८०च्या दशकात रूढ झाला आणि त्याच्या मागोमाग ‘गर्दुल्ला’ हा तुच्छतेचा शब्दही आला. त्याआधी महाराष्ट्राला अफू अनोळखी होती असे नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि त्या व्यापारावर शहरातल्या अनेक पेढ्या उभ्या राहिल्या. गिरणीत जाणाऱ्या आया, पाळी सुटेपर्यंत तान्हे मूल निजून राहावे म्हणून त्याला अफूची ‘बाळगोळी’ चाटवत. परवान्यावर विकल्या जाणाऱ्या या अफूचा औषधाखेरीज वापर सरकारने १९५९ साली बंद केला.

गर्दचा मार्ग मात्र वेगळा होता. १९७९ची इराणमधील क्रांती आणि त्याच वर्षाअखेरीस अफगाणिस्तानात घुसलेले सोव्हिएत सैन्य यांमुळे त्या भागातील अफूचे जुने रस्ते बदलले, पाकिस्तानच्या सीमाभागात हेरॉइन तयार होऊ लागले आणि त्यातला काही माल मुंबईत उतरला. चांदीसारख्या पन्नीवर चिमूटभर भुकटी ठेवायची, खालून काडी धरायची आणि वितळत सरकणाऱ्या थेंबामागे नळी नेत धूर ओढायचा, याला ‘चेस’ म्हणतात. सुई नको, भट्टी नको, म्हणून कोवळ्या वयातली मुलेही सहज ओढली गेली. शेवटच्या ओढीनंतर आठ-बारा तासांत नाक-डोळे गळू लागतात, जांभया थांबत नाहीत, हाडे ठणकतात. या अवस्थेला व्यसनी माणसे ‘टर्की’ म्हणतात. पुढची पुडी मौजेसाठी नव्हे, तर ही टर्की टाळण्यासाठी हवी असते, हे घरच्यांना उमगेपर्यंत बहुधा भांडीकुंडी विकली गेलेली असतात.

१९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने अनेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची शिक्षा ठरवली. सापडलेला माल अल्प आहे की व्यापारी प्रमाणात आहे, यानुसार शिक्षेची नेमकी श्रेणी २००१च्या दुरुस्तीने लावली. मधल्या काळात किरकोळ साठा असलेला व्यसनी आणि त्याला माल पुरवणारा यांच्यातला फरक कायद्याला पुरेसा दिसत नव्हता, हे मला या इतिहासातले सर्वांत दुखरे पान वाटते. उपचाराची बाजू समाजानेच उचलली. अनिल अवचट यांची गर्दवरील लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसन हा आजार आहे, हे मराठी घरांना तिथून समजू लागले.

देशाचे चित्र पुढे २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसले. दहा ते पंचाहत्तर वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि सव्वादोन कोटींहून अधिक लोक अफू, हेरॉइन किंवा तत्सम औषधे घेतात, असा त्याचा अंदाज होता.

आता गर्दच्या जोडीला ‘एमडी’ म्हणजे मेफेड्रोन हे कृत्रिम उत्तेजक आले आहे. ते २०१५ साली कायद्याच्या कक्षेत आले आणि २०२४च्या फेब्रुवारीत दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून पुणे पोलिसांनी त्याचा प्रचंड साठा जप्त केला. गर्दसाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखे पर्यायी औषध देता येते. एमडीसाठी असे मान्यताप्राप्त औषध नाही, त्यामुळे झोप उडालेल्या, संशयाने पछाडलेल्या मुलाला सावरण्याचा भार समुपदेशकांवर आणि घरच्यांवरच येतो.