तबकडी शेवटी कोणीकडे वळते?

इंदूरमधल्या एका सार्वजनिक बागेत काही तरुण डिस्क गोल्फ खेळतात. तेथे मैदान म्हणून काहीही उभारलेले नाही. कडुनिंबाचे एक जाड खोड, वळणावरचा दिव्याचा खांब, बंद पडलेल्या कारंज्याचा कठडा अशी लक्ष्ये त्यांनी आपसांत ठरवून घेतली आहेत, आणि नेमलेल्या जागेपासून निघून कमीत कमी फेकींत तबकडी त्या लक्ष्याला लावणे एवढाच खेळ आहे. या खेळाची सुरुवातही अशीच झाली होती. अमेरिकेत लोक बागेतली झाडे आणि खांब नेमून फ्रिस्बी फेकत असत. पुढे एड हेड्रिक यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिले कायमस्वरूपी मैदान आखले, आणि तबकडी अडवून धरणाऱ्या साखळ्यांच्या टोपलीचे पेटंट त्यांना १९७७ मध्ये मिळाले.

जेथे मुले खेळतात आणि वडीलधारी मंडळी सकाळ-संध्याकाळ फिरायला येतात, अशा बागेत मैदान आखताना अंतराच्या आधी तबकडीच्या वळणाचा विचार व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे. हे वळण फेकणाऱ्याच्या चुकीतून येत नाही. अगदी सफाईने फेकलेली तबकडीही शेवटी बाजूला वळतेच.

गोल्फची तबकडी साधारण २१ सेंटीमीटर व्यासाची आणि १५० ते १७५ ग्रॅम वजनाची असते. तिची कड फ्रिस्बीपेक्षा धारदार असते आणि पोट आतून पोकळ असते. पुढे जाताना ती हवेला खाली ढकलते आणि त्याच्या प्रतिक्रियेने तिला वर उचलणारे बल मिळते. हे बल तबकडीच्या गुरुत्वमध्यातून नेमके जात नाही, आणि सगळी गुंतागुंत येथूनच सुरू होते. वेग कमी होऊन तबकडी खाली येऊ लागली की समोरून येणारी हवा तिच्या पोटावर अधिक तिरपी आदळते, बलाचे केंद्र मध्याच्या पुढे सरकते आणि तबकडीची पुढची कड वर उचलली जाऊ लागते. तबकडी फिरत नसती, तर ती तेथेच मागे उलटली असती. परंतु फिरणाऱ्या वस्तूला कलवू पाहणाऱ्या बलाचा परिणाम ते बल लागले त्या जागी न दिसता, फिरण्याच्या दिशेने ९० अंश पुढे दिसतो. याला परांचन म्हणतात. उजव्या हाताने, हात छातीशी घेऊन फेकलेली तबकडी वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. म्हणून पुढची कड उचलू पाहणारे बल प्रत्यक्षात तिची उजवी बाजू उचलते, आणि तबकडी डावीकडे कलून डावीकडे वळते.

सुरुवातीला, वेग भरपूर असताना, बलाचे केंद्र बहुधा मध्याच्या मागे असते आणि कल उलटा, म्हणजे किंचित उजवीकडे, होऊ शकतो. त्यामुळे लांबच्या फेकीचा मार्ग पुष्कळदा नागमोडी दिसतो. हवेच्या रोधाने पुढे जाण्याचा वेग झपाट्याने घटतो, तर स्वतःभोवती फिरणे फारच हळू मंदावते. म्हणून उड्डाणाच्या अखेरच्या टप्प्यात डावे वळण सर्वाधिक तीव्र होते. डावखुऱ्या खेळाडूची, तसेच उजव्या हाताने बाहेरच्या बाजूने फेकलेली तबकडी उजवीकडे वळते. याचा अर्थ असा की लक्ष्याच्या अलीकडच्या पट्ट्यात फिरण्याची वाट, बाके किंवा घसरगुंडी दोन्हीही बाजूंना असता कामा नये. फेकीच्या जागेजवळून वाट जात असेल तर ते एक वेळ चालेल, कारण तेथील माणूस फेकणाऱ्याच्या नजरेसमोर असतो.

ही काळजी अनाठायी नाही. १७० ग्रॅमची तबकडी सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाने जात असेल तर तिच्यात ३४ जूल ऊर्जा असते. त्याच वेगाच्या क्रिकेटच्या चेंडूत ती जवळपास तेवढीच असते, आणि तबकडीची कड अरुंद असल्याने मार एका रेषेवर बसतो.

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे येथील हवा किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा, तापमान प्रमाणित धरले तर, सुमारे ५ टक्के विरळ असते. ऋतूचा फरक मात्र याहून मोठा आहे. १० अंश तापमानाच्या जानेवारीतल्या पहाटेपेक्षा ४० अंशांच्या मेमधल्या दुपारी हवा जवळजवळ १० टक्के विरळ असते. विरळ हवेत रोध घटतो, पण उचलणारे बलही घटते, आणि तबकडी लवकर खाली येऊन शेवटचे वळण लवकर घेते. दमट हवा जड असते हा समज मात्र खरा नाही. पाण्याच्या वाफेचे रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलके असल्याने दमट हवा किंचित हलकीच असते.

या सर्वांपेक्षा वाऱ्याचा प्रभाव मोठा असतो. देवासच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्यात माळव्याच्या पठारावर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. समोरून वारा असला की तबकडीला हवेचा सापेक्ष वेग जास्त मिळतो आणि ती सुरुवातीच्या, उजव्या कलात अधिक काळ राहते. पाठीमागून वारा असला की ती लवकर डावीकडे पडते. म्हणून फेकीच्या दिशा शक्यतो पूर्व-पश्चिम ठेवाव्यात, म्हणजे वारा आडवा येऊन तबकडीला बाजूच्या वाटेवर ढकलणार नाही.

झाडांचा विचारही येथेच करावा लागतो. सालीच्या लगेच आत खोड जाड करणारा जिवंत पेशींचा पातळ थर असतो, आणि एकाच उंचीवर वारंवार बसणाऱ्या माराने कोवळ्या झाडाचा हा थर फाटतो. त्यामुळे लक्ष्य म्हणून जाड, खडबडीत सालीचे जुने झाड किंवा सरळ खांबच निवडावा. येथील काळी माती ओली असताना फुगते आणि तुडवली गेली की तिच्यातली हवेची पोकळी दबून मुळांचा श्वास कोंडतो. म्हणून फेकीच्या जागा पावसाळ्यात बुंध्यांपासून दूर, मुरमाच्या किंवा फरसबंदीच्या कडेला हलवाव्यात आणि पाऊस थांबल्यावरही माती वाळेपर्यंत तेथेच ठेवाव्यात.