रियाज (ग्वाल्हेर)

रियाज म्हणजे गायक-वादकाने ठरल्या वेळी, बहुधा एकट्याने, रोज करायची मेहनत. शब्द मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडे आला. तालीम गुरूसमोर होते. तिथे मिळालेली चीज, म्हणजे बंदिश, गळ्यावर चढते ती रियाजात. ख्याल या गायनप्रकाराचे सर्वांत जुने मानले जाणारे घराणे ग्वाल्हेरचे. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून १८१०च्या सुमारास वसलेल्या लष्कर भागात मराठी घरे बरीच, आणि या घराण्याचे गायक बंधू हद्दू खाँ-हस्सू खाँ यांची गायकी पुढे नेणाऱ्यांत मराठी शिष्यही बरेच.

सुरुवात खर्जाने, म्हणजे खालच्या सुरांच्या मेहनतीने, होते. झोपेतून उठल्यावर स्वररज्जू किंचित सुजलेले असतात, आवाज खाली बसलेला असतो; त्यामुळे मंद्र (खालचे) सप्तक त्या वेळी सहज लागते. एकच ‘सा’ दम संपेपर्यंत धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. मग पलटे: सारेग, रेगम, गमप; आधी ठाय (संथ) लयीत, मग दुगुणीत (दुप्पट वेगात), पुढे आकारात (स्वरांची नावे न घेता ‘आ’वर). हे कंटाळवाणे असते, यात शंका नाही. गोडी लागली की बसू, असे म्हणणाऱ्याची बैठक कधीच जमत नाही. गोडी लागलीच तर पलटे बरेच घोटल्यावर लागते.

मनाच्या लहरीवर मात कशी होते, हे तंबोरा मिळवताना दिसते. खर्जाची पितळी तार रात्रीतून उतरलेली असते. खुंटी पिळायची, मणी सरकवायचा, घोडीवरचा सुती दोरा केसभर हलवायचा, की जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, खुलते. एवढ्यात दहा मिनिटे जातात आणि झोप उडते. ‘आज नको’ म्हणायचे राहूनच जाते. त्यातून गुरूगृही असाल तर आतल्या खोलीतून, चहाच्या भांड्यांच्या आवाजातून, शब्द येतो: ‘सा उतरला रे.’ कुणीतरी ऐकते आहे, ही जाणीव संकल्पापेक्षा जास्त काम करते.

‘चिल्ला’ म्हणजे सलग ४० दिवस एकांतात करायची अखंड साधना. तिच्या आणि दहा-बारा तासांच्या रियाजाच्या गोष्टी चवीने सांगितल्या जातात. नवशिक्याला त्या प्रेरणा कमी आणि न्यूनगंड जास्त देतात. लंडनमध्ये सवयींवर झालेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९६ जणांनी साध्या कृती रोज केल्या. त्या अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. माणसामाणसांत मात्र १८ ते २५४ दिवसांइतका फरक होता. एखादा खाडा पडल्याने फारसे बिघडले नाही. म्हणजे एकेचाळिसाव्या दिवशी काय करायचे, हा प्रश्न चिल्ल्याहून मोठा.

त्याचे ग्वाल्हेरी उत्तर संस्थांतून आले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांची सेवा करून विद्या मिळवली. बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून तीच विद्या वर्गात, वेळापत्रकात बसवली. खुद्द ग्वाल्हेरात कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली आपले विद्यालय सुरू केले. १९१८ साली ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने आणि संगीतशास्त्रज्ञ वि. ना. भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत विद्यालय उभे राहिले. तासाची घंटा, हजेरी आणि परीक्षा आल्या. गुरूच्या कानाची जागा त्यांनी घेतली असे नाही, पण नोकरी-धंदा सांभाळून शिकणाऱ्याला रोज उठायचे निमित्त मिळाले.

तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, ही समजूत अजून टिकून आहे. पाला खाल्ल्याने खर्जाची मेहनत टळत नाही, एवढे खरे.

आजारपणाची सोयही रियाजातच आहे. घसा बसला की गळा वापरायचा नाही. नेहमीच्या वेळी, नेहमीच्या जागी बसून तंबोरा छेडायचा, हाताने विलंबित (संथ) एकताल, म्हणजे बारा मात्रांचा ताल, धरायचा आणि बंदिश मनात म्हणायची. असा दिवस खाड्यात धरत नाहीत.